सालेंतोत मित्राच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

इटलीच्या नकाशातल्या बुटाची टाच म्हणजे पुलिया, आणि त्या टाचेचं दक्षिण टोक म्हणजे सालेंतो. लेच्चे हे तिथलं मुख्य शहर. एका बाजूला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या बाजूला आयोनियन. मिलान, तोरिनो, बोलोन्याला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना दक्षिणेकडचे वर्गमित्र भेटतात आणि परीक्षा संपल्या की "उन्हाळ्यात आमच्या घरी ये" असं आमंत्रण येतं. कधी आईवडिलांनाही येतं. हे आमंत्रण तोंडदेखलं नसतं. ते खरोखर खोली रिकामी करून वाट बघतात.

मात्र आपण जातो ते एका चालत्या घरात. त्या घराला जेवणाच्या, झोपेच्या, पाण्याच्या, कचऱ्याच्या ठरलेल्या वेळा आहेत. त्यात नीट बसलात तर तुमचीही सुट्टी मजेत जाते आणि त्यांचीही. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

कधी जायचं?

महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यावर संपते. इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि थेट सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात. म्हणजे मुलांना घेऊन मे महिन्यात गेलात तर यजमानांकडे सगळे कामावर आणि शाळेत. लहान मुलं बरोबर असतील तर जूनचा पहिला पंधरवडा तेवढा हाती लागतो. समुद्राचं पाणी तेव्हा अजून गारच असतं, पण गर्दी नसते. मुलांचा प्रश्न नसेल तर जूनची अखेर ते जुलैचा मध्य हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. १५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तो हा उन्हाळ्यातला मोठा सण असतो आणि त्याच्या मागेपुढे उत्तर इटलीत, स्वित्झर्लंडमध्ये, जर्मनीत कामाला गेलेली सगळी माणसं गावी परततात, गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात तशी. घरात चुलत-मामे भावंडं, त्यांची मुलं, गाद्या जमिनीवर. वातावरण फार सुंदर असतं, पण तुम्हाला वेगळी खोली मिळेलच असं नाही. मित्राला सरळ विचारा, "तेव्हा घरात किती जण असतील?" विचारलं म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही.

कागदपत्रं

इटलीतच शिकत असाल आणि राहण्याचा परवाना हातात असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या इटलीच्या महावाणिज्य दूतावासाकडे जातात, कागद व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचे. ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं अवघड जातं, म्हणून जुलैत जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच अर्ज करून टाका. कमीत कमी ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही.

ओळखीच्या घरी राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा कागद म्हणजे आमंत्रणपत्र, तिकडे त्याला 'लेत्तेरा दीन्वितो' म्हणतात. त्याचा ठरलेला नमुना असतो. घर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी तो भरून सही करायची आणि स्वतःच्या ओळखपत्राची प्रत जोडायची. बहुतेक वेळा ते मित्राचे आईवडील असतात, मित्र स्वतः नाही. पत्रात मुक्कामाच्या तारखा असतात. त्या तुमच्या तिकिटाशी आणि विम्याशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

बॅगेत काय घ्यायचं, काय नाही

इथे आपल्या माणसांची सर्वांत जास्त निराशा होते, म्हणून आधीच सांगते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे. तूप, खवा, पनीर, चीज काहीच नाही. पेढे-बर्फी खव्याचीच, तेव्हा तो धोका पत्करू नका. ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सूट आहे ती अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांनाच. हापूसची पेटी घरीच ठेवा.

मग न्यायचं काय? चांगला चहा, भाजलेले काजू, शेंगदाण्याची चिक्की, वेलची. टेबलावर अंथरायला खणाचं किंवा हातमागाचं कापड नेलंत तर ते पुढची कित्येक वर्षं त्या घरात दिसतं. फुलं तिथे पोहोचल्यावर घ्या, पण शेवंती अजिबात नको. इटलीत शेवंती थडग्यावर वाहतात.

स्वतःसाठी दोन वस्तू विसरू नका. एक, घरात घालायच्या स्वच्छ सपाता. आपण चपला दारात काढून अनवाणी आत जातो, तिथे बऱ्याच घरांत अनवाणी फिरणं बरं दिसत नाही. दोन, खडकाळ किनाऱ्यावर घालायचे रबरी बूट. सालेंतोच्या पूर्व किनाऱ्यावर मोठा भाग खडकांचा आहे आणि खडकांच्या खाचांत समुद्री साळिंदर असतात, त्यांचे काटे पायात मोडतात. चार्जर दोन गोल पिनांचा असेल तर चालतो, आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. त्यासाठी अडॅप्टर घ्या. चर्चमध्ये जाण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असू द्या.

पोहोचणं आणि पहिले ४८ तास

लेच्चेला जवळचा विमानतळ ब्रिंदिसी, साधारण ४० किलोमीटरवर. रोमला उतरलात तर तेर्मिनी स्टेशनवरून लेच्चेपर्यंत थेट वेगवान गाडी आहे, साडेपाच तासांच्या आसपास. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. लेच्चेहून पुढे गावात जायचं असेल तर रविवारी आणि सणाच्या दिवशी गाड्या-बस फार कमी असतात, त्यामुळे पोहोचण्यासाठी कामाचा दिवस धरा.

युरोपात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे वेळ लागणार हे गृहीत धरा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो सीमेवर घ्यायला सुरुवात झाली आहे. पुढच्या विमानासाठी तीन तास तरी हातात ठेवा.

आता पोलिसांकडच्या नोंदीबद्दल. हॉटेलात राहिलं की ही नोंद हॉटेलवाले करतात. घरी राहिलं की ती यजमानांनी करायची असते, आणि युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यासाठी मुदत ४८ तासांची आहे. अर्ज स्थानिक पोलीस कार्यालयात जातो, लहान गावात पोलीस कार्यालय नसेल तर नगरपालिकेत. दंड झाला तर तो यजमानांना होतो, म्हणून आठवण करून देणं तुमचं काम. मित्राच्या आईवडिलांनी याआधी परदेशी पाहुणा ठेवला नसेल तर त्यांना हा नियम माहीतही नसतो. शिवाय तुम्ही पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे, म्हणजे शेंगेनमधल्याच दुसऱ्या देशातून आला असाल, तर आठ दिवसांच्या आत स्वतःची हजेरीही पोलिसांकडे नोंदवायची असते. दोन्ही कामं एकाच फेरीत उरकता येतात. पासपोर्टच्या दोन प्रती बरोबर न्या.

घराच्या वेळा समजून घ्या

पहिले दोन दिवस कुठेही फिरायला जाण्याची घाई करू नका. घर कसं चालतं ते बघा.

सकाळी सहा-सातला खिडक्या उघडतात, घरात वारा खेळतो. मोकाच्या भांड्यात कॉफी होते, तिच्याबरोबर बिस्किट किंवा टोस्ट, एवढाच नाश्ता. ते भांडं साबणाने धुऊ नका, बहुतेक घरांत ते नुसतं पाण्याने विसळतात. नऊ-दहाच्या सुमाराला खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेतल्या जातात आणि घरात अंधार होतो. बाहेर पारा ३५च्या वर गेला तरी जाड दगडी भिंतींमुळे आत बरं वाटतं. छान उजेड यावा म्हणून झडप उघडलीत तर तासाभरात खोली तापते, आणि ती रात्रीपर्यंत निवत नाही.

दुपारचं जेवण एक-दीडला. त्यानंतर पाचपर्यंत रस्ते ओस, दुकानं बंद, घरात शांतता. या वेळेत फोनवर मोठ्याने बोलू नका, शेजाऱ्याचं दार वाजवू नका, अंघोळीला जाऊ नका. भारतात तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि नेमके घरचे फोन याच वेळेत येतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पाचनंतर गाव पुन्हा जागं होतं, सूर्य आठ-सव्वाआठला मावळतो, रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी नाही, बरेचदा साडेनऊला. सात वाजता जेवायची सवय असेल तर सहाच्या सुमाराला काहीतरी खाऊन घ्या. त्याला कोणाची हरकत नसते.

वीज हा तिथला नाजूक विषय. इटलीतल्या बहुतेक घरांची जोडणी फक्त ३ किलोवॉटची असते. एसी, कपड्यांचं यंत्र आणि ओव्हन एकदम लावलं की मुख्य बटण पडतं आणि सगळं घर बंद. म्हणून इस्त्री किंवा केस वाळवायचं यंत्र लावण्याआधी एक हाक मारून विचारा.

न्हाणीघरात फरशी कोरडी ठेवायची असते. बादली-तांब्या नसतो, पाणी जाईल असा उतार फक्त शॉवरच्या चौकोनात असतो. शॉवर चार-पाच मिनिटांत उरका. गावाबाहेरच्या घरांना पाणी अनेकदा टाकीतलं असतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, मात्र प्रत्येक घरात असतो, १९७५ च्या सरकारी आदेशानेच तो घरात असणं बंधनकारक केलं आहे. त्यामुळे त्या बाबतीत आपली गैरसोय होत नाही. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करावा लागतो आणि कोणत्या दिवशी काय बाहेर ठेवायचं याचा तक्ता बहुधा फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

जेवणाचं टेबल

तुम्ही शाकाहारी असाल तर जाण्याआधी मित्राला स्पष्ट सांगा, आणि सविस्तर सांगा. "मांस खात नाही" एवढ्यावर ट्यूना, अँकोव्ही किंवा हॅमचे बारीक तुकडे पानात येऊ शकतात. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे", म्हणजे मांस नको, मासे नको, असं दोन्ही म्हणा. अंडं चालतं की नाही तेही सांगा. कडक पाळणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी: पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आणि लेच्चेच्या प्रसिद्ध पास्तिचोत्तो या क्रीम भरलेल्या गोड पदार्थाच्या पारीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. तेलातली किंवा लोण्यातली पारी कुठे मिळते ते घरच्यांना माहीत असतं.

यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण सालेंतोचं जुनं घरगुती जेवण मुळात शेतकऱ्यांचं, आणि त्यात भाज्या-कडधान्यं भरपूर. चिचेरी ए त्रिया म्हणजे छोले आणि पास्ता, त्यातला थोडा पास्ता तळून वर घातलेला. वांग्याचे थर लावून भाजलेली पार्मिजाना. वाळवलेल्या फावा दाण्यांचं मऊ घोटलेलं पिठलं आणि वर कडवट चिकोरीची भाजी. मात्र घरात कोणाला जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर फावा अजिबात खाऊ नका, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जिवावर बेतू शकतं. हे यजमानांनाही सांगून ठेवा.

फ्रिसेल्ला पहिल्याच दिवशी समोर येईल. जवाचा किंवा गव्हाचा दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव. तो पाण्याच्या वाडग्यात काही सेकंद बुडवायचा, बाहेर काढून निथळायचा, मग पिकलेला टोमॅटो त्यावर हाताने चुरडून रस मुरू द्यायचा, मीठ, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल सढळ हाताने. जास्त बुडवला तर लगदा होतो, कमी बुडवला तर दातांना त्रास. घरातल्या आजीकडे बघून शिका, ती न मोजता बरोबर वेळेला बाहेर काढते.

आग्रह पुष्कळ होईल. पहिल्या वाढीला पोट भरून घेऊ नका, पास्तानंतर दुसरं पान येतं आणि त्यानंतर फळं. थांबायचं असेल तेव्हा "बास्ता कोझी, ग्रात्सिए" म्हणा, आणि पानात काही टाकू नका. जेवण झाल्यावर दुधाची कॉफी मागू नका, साधी काळी घ्या. लेच्चेत उन्हाळ्यात बर्फ आणि बदामाचं सरबत घालून कॉफी देतात, ती जरूर प्या. मित्राच्या आईला नुसत्या नावाने हाक मारू नका. सिन्योरा म्हणून पुढे नाव घ्या, आणि त्या स्वतः सांगेपर्यंत आदरार्थीच बोला.

समुद्रावर जाताना

घरातली माणसं सकाळी बाहेर येऊन आधी वारा बघतात. उत्तरेचा त्रामोन्ताना वाहत असेल तर आयोनियन बाजूला, गाल्लिपोलीकडे जायचं, तिथे पाणी शांत असतं. दक्षिणेचा शिरोक्को असेल तर एड्रियाटिक बाजूला. दोन समुद्रांमधलं अंतर इतकं कमी आहे की हा निर्णय सकाळी चहाच्या वेळेलाही घेता येतो. म्हणून एकाच किनाऱ्याचं आगाऊ आरक्षण करू नका.

सकाळी लवकर जाऊन बारापर्यंत परता, किंवा पाचनंतर जा. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नको. पोहता येत नसेल तर घरच्यांना आधीच सांगा, तिथे सगळ्यांना पोहता येतं असं धरूनच चालतात. जेवल्यावर दोन-तीन तास पाण्यात उतरायचं नाही, यावर तिथल्या आया ठाम असतात. त्यांच्या घरात त्यांचं ऐका. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२, आणि किनाऱ्यावरच्या गावांत उन्हाळ्यात पर्यटकांसाठी वेगळा दवाखाना चालवतात.

लेच्चेहून गाल्लिपोलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळून राखाडी झालेली ऑलिव्हची झाडं दिसतील, मैलोन्‌मैल. २०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या परिसरात झायलेला हा जिवाणू सापडला आणि त्याने लाखो झाडं मारली. त्यात शेकडो वर्षांची झाडं होती. तुमच्या यजमानांच्या आजोबांची बागही त्यात गेली असण्याची शक्यता मोठी आहे. गाडीतून सहज शेरा मारू नका. विचारा, आणि मग त्यांना बोलू द्या. ते बोलतात, आणि तुम्ही ते ऐकून घ्यावं असं मला फार वाटतं.

खर्च आणि हातभार

घरात राहण्याचे पैसे देऊ करू नका, त्यांना लागतं. त्याऐवजी मित्राला बाजूला घेऊन ठरवा: आठवड्याची भाजी-फळं तुम्ही आणणार, समुद्रावर जाताना पेट्रोल तुम्ही भरणार, एकदा सगळ्यांना पिझ्झा खायला तुम्ही नेणार. त्या रात्री जेवण चालू असतानाच उठून गल्ल्यावर बिल देऊन या, टेबलावर बिल आलं की वडील तुम्हाला हात लावू देणार नाहीत. रविवारी कोणाकडे जेवायला बोलावलं तर मिठाईच्या दुकानातून लहान केकचा ट्रे बांधून न्यायचा असतो.

एक जेवण तुम्ही करा. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, शिरा. तिखट निम्म्याने कमी. रवा 'सेमोलीनो' नावाने मिळतो आणि बिनमिठाचं लोणी आणून तूप कढवता येतं. फोडणी देण्याआधी स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी करा. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घालून न्या.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर एक दिवस टोमॅटोचा असतो. पहाटे पाचला सगळे अंगणात. पेट्या उघडतात, टोमॅटो धुतले जातात, कापून मोठ्या पातेल्यात उकडतात, मग यंत्रातून काढतात. एका तोंडाने साल आणि बिया, दुसऱ्या तोंडाने लाल दाट रस. तो बाटल्यांत भरायचा, प्रत्येकीत बेसिलचं पान, मग झाकण. शेवटी लोखंडी पिंपात बाटल्या रचतात, मधून जुन्या चादरींचे तुकडे कोंबतात म्हणजे त्या एकमेकींवर आपटत नाहीत, पाणी भरून खाली लाकडं पेटवतात. उकळून झालं की बाटल्या त्याच पाण्यात रात्रभर निवत ठेवतात. नवख्या माणसाला बाटल्यांची तोंडं पुसायचं काम मिळतं. ते मन लावून करा. तोंडाला रस राहिला तर झाकण घट्ट बसत नाही आणि बाटली हिवाळ्यात खराब निघते. अंगावर जुने गडद कपडे घाला, डाग निघत नाहीत. त्या दिवशी बाहेर फिरायचा बेत ठेवू नका, भाषा येत नसली तरी घरातल्या सगळ्यांशी ओळख होण्यासाठी याहून चांगला दिवस नाही.

निघताना

आदल्या दिवशी चादरी-अभ्रे काढून कुठे ठेवायचे ते विचारा. घरचं तेल आणि टोमॅटोच्या बाटल्या तुम्हाला मिळणारच, म्हणून जातानाच बॅगेत चार-पाच किलोची जागा सोडा. हे सगळं चेक-इन सामानातच, कपड्यांत गुंडाळून. घरी पोहोचल्याचा निरोप त्याच दिवशी पाठवा, आणि तो मित्राला नाही तर त्याच्या आईला.

त्यांना आपल्याकडे बोलवायचं असेल तर उन्हाळ्याचा आग्रह धरू नका, त्यांच्या सुट्टीत आपल्याकडे धो धो पाऊस असतो. नाताळापासून ६ जानेवारीपर्यंत त्यांच्या शाळा बंद असतात, तेव्हा बोलवा. इटलीच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो.